स्लॅबवरचा पत्रा

आठवीच्या वर्गाला मी दर वर्षी 'माझे घर' हा निबंध देते. आमची शाळा मुंब्र्यातली, उर्दू माध्यमाची. मी तिथे मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूचे तासही घेते. एकदम लिहायला सांगितलं की मुलं पेन चावत बसतात, म्हणून आधी घराचं चित्र काढून घेते. अठरा वर्षं बघते आहे, चित्र जवळपास एकच येतं. दोन्हीकडे उतरतं छप्पर, लाल कौलं, मधोमध दार, तीन-चार पायऱ्या, बाजूला माड. काढणारी मुलं राहतात चौथ्या-पाचव्या मजल्यावर.

गेल्या वर्षी एकाला विचारलं, "हे कुणाचं घर?"

"नानीचं, मिस."

"आहे अजून?"

"नाही, तोडलं. आता बंगला बांधलाय."

"मग बंगल्याचं चित्र का नाही काढलं?"

त्याने जरा विचार केला. "मिस, बंगल्याचं चित्र येत नाही."

तेव्हा मी हसले होते. यंदा एप्रिलमध्ये भाईने दोह्याहून घरच्या ग्रुपवर तीन रंगीत चित्रं टाकली आणि माझं हसणं संपलं. दापोली तालुक्यातलं आमचं घर पाडून तिथे काय उभं राहणार याची ती चित्रं होती. दोन मजले, पुढे काच, स्टीलचं रेलिंग, आत पीओपीचं छत. एका चित्रात भिंती पांढऱ्या आणि राखाडी, दुसऱ्यात पिस्ता, तिसऱ्यात चक्क हिरव्या. कॉन्ट्रॅक्टरचा अंदाज अठ्ठेचाळीस लाख. खाली भाईने लिहिलं होतं, "तिघांपैकी कोणतं? आणि तुझी सही लागेल."

सही लागेल, कारण अब्बा-अम्मी दोघेही आता नाहीत आणि शरियतप्रमाणे दोन भावांमागे माझा पाचातला एक हिस्सा आहे. आपल्याकडे बहिणीचा हिस्सा आठवतो तो हक्कसोडपत्राच्या वेळी. ते असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण याच एका हिश्शाच्या जोरावर मी हे लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

घर खाडीकाठी. १९३४ च्या सुमारास बांधलं असं अब्बा सांगायचे. पणजोबा जहाजावर खलाशी होते, त्या पगारातलं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड हात जाड. वासे आणि तुळया ऐन-किंजळीच्या, दारं फणसाच्या लाकडाची. लाकडाला दर दोन-तीन वर्षांनी काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचे. वाळवी त्या वासानेच लांब राहते. वर मंगलोरी कौलं. भिंतींना चुना, चुन्यात थोडी नीळ, आणि खालच्या हातभर पट्ट्याला काव. हे रंग कुणी निवडले नव्हते. जवळ जे मिळत होतं तेच भिंतीवर गेलं. आज त्यालाच बोट लावून शहरातले लोक 'पॅलेट' म्हणतात.

भाईचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: जुनं झालंय, टिकाऊ करू. माझं सगळं भांडण या 'टिकाऊ' शब्दाशी आहे.

आमच्या गावात, आणि खाडीच्या दोन्ही अंगांच्या गावांत, गेल्या तीस वर्षांत कौलारू घरं पाडून स्लॅबचे बंगले झाले. कोकणात कधी गेलात तर एक गोष्ट जरूर बघा. त्या बंगल्यांच्या स्लॅबवर लोखंडी खांब उभे करून वर पत्र्याचं उतरतं छप्पर घातलेलं असतं. निळा पत्रा, लाल पत्रा, हिरवा पत्रा. का? तर स्लॅब गळतो. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो चार महिन्यांत. अशा पावसात सपाट छप्पर बांधायचं आणि मग ते भिजू नये म्हणून त्याच्यावर छत्री धरायची! म्हणजे उतरतं छप्पर मोडलं, लाखो रुपये ओतले, आणि शेवटी पुन्हा उतरतंच छप्पर घातलं, फक्त कौलाच्या जागी पत्रा, जो उन्हात तापतो आणि पावसात इतका वाजतो की अजान ऐकू येत नाही. याला आपण प्रगती म्हणतो. मला सांगा, यात अडाणी कोण, पणजोबा की आपण?

खाडीकाठची खारी हवा स्लॅबच्या आतल्या सळईलाही सोडत नाही. सळई गंजली की फुगते, फुगली की सिमेंटचा पोपडा पडतो. आमच्या शेजारचा बंगला १९९२ चा. त्याच्या गॅलरीखाली आता कुणी उभं राहत नाही. मागच्या वर्षी त्यांनी सळया घासून वर परत सिमेंट थापलं, एका पावसात ते खाली आलं. आमचं घर त्याच्यापेक्षा अठ्ठावन्न वर्षांनी मोठं आहे.

आता कुणी म्हणेल, मिसला 'निसर्ग' वादळ आठवत नाही वाटतं. आठवतं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दापोली-मंडणगडवरून गेलं तेव्हा आमची निम्मी कौलं उडाली. लॉकडाउनचे दिवस, गावात जाता येईना, चाचीने फोनवर रडत रडत सांगितलं की माजघरातून आभाळ दिसतंय. पुढे कितीतरी दिवस कौलं मिळेनात. मिळाली ती दुप्पट भावाने. माडाचं झाड पडवीवर पडलं होतं. भाईने त्याच दिवशी ठरवलं असणार की हे घर राहणार नाही, आणि परदेशात बसून तो फोन ऐकणाऱ्या माणसाला मी चूक म्हणू शकत नाही. पण त्या दिवशी काय झालं ते नीट बघायला हवं. कौलं उडाली, भिंत हलली नाही. तुळई हलली नाही. गावातल्या बंगल्यांवरचे पत्रे मात्र खांबांसकट उडाले, आणि एक पत्रा आमच्या विहिरीत सापडला. कौल गेलं तर कौल बसवता येतं; गावातला एक म्हातारा आणि दोन पोरं चार दिवसांत छप्पर शाकारतात. कडेची कौलं तारेने बांधली की पुढच्या वेळी कमी उडतात, हेही आता सगळ्यांना कळलंय. तडकलेल्या स्लॅबला गावात कुणाला बोलवायचं? खेडहून, चिपळूणहून माणूस येतो, बघतो, आणि रसायनाच्या डब्याचं नाव लिहून देतो.

तेव्हा टिकाऊ म्हणजे ज्याला कधी हात लावावा लागत नाही ते, ही व्याख्याच मला मान्य नाही. असं काही जगात नसतं. बिघडलं तर गावातल्या गावात, गावातल्या हातांनी दुरुस्त होतं, ते टिकाऊ.

चुन्याचं उदाहरण घ्या. आमच्याकडचा चुना खाडीतल्या शिंपल्यांचा. शिंपल्या भट्टीत भाजायच्या, त्याचा कळीचा चुना व्हायचा, तो पाण्यात विरवायचा. पाणी पडलं की तो फसफसून उकळायला लागे आणि दादी आम्हा पोरांना ओरडून लांब पिटाळायची. मग तो मुरत ठेवायचा, गाळायचा, त्यात निळीची पुडी आणि थोडा डिंक. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा तोच पदार्थ बनतो, ज्याचा शिंपला बनलेला होता. विज्ञानाच्या शिक्षकांना विचारून मी याची खात्री करून घेतली आहे. अशी भिंत पावसात ओल घेते आणि उन्हात सोडते. चिराही तसाच, सच्छिद्र. या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने दिलं. मलबारात लोक तो विटांसारखा कापून काढतात हे त्याने पाहिलं, आणि लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागली की कठीण. त्याच्यावर चुना शोभतो आणि मानवतोही.

मानवत नाही ते काय, हेही आम्ही घरातच शिकलो. २००९ मध्ये भाईचं लग्न ठरलं. मुलीकडचे येणार म्हणून अब्बांनी ओटीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून वर मलईसारखा प्लॅस्टिक पेंट मारला. काय चमक होती! दोन पावसाळे गेले आणि भिंतीला फोड आले. बोट लावलं की रंगाची साल निघायची, खाली काळी बुरशी. भिंत श्वास घ्यायला बघत होती आणि आपण तिच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधलं होतं. मागच्या खोलीतली चुन्याची भिंत, त्याच चिऱ्याची, त्याच पावसातली, आजही कोरडी आहे. अब्बा जाईपर्यंत त्या ओटीत खुर्ची भिंतीपासून हातभर लांब ठेवून बसायचे.

इथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द. हल्ली मोबाइलवर 'विचारपूर्वक जगणं' शिकवणारे व्हिडिओ येतात. कमी वस्तू, मातीचे रंग, जुनी दारं, आजोळची आठवण. रंगाच्या दुकानात गेले तर शेडकार्डवर 'गावच्या घराची' नावं दिलेले निळे, गेरवे, पिवळट रंग. डब्यात मात्र तोच प्लॅस्टिक पेंट. चुन्यासारखा दिसणारा, पण चुना नसलेला. म्हातारपणाचा मेकअप केलेल्या नटासारखा. आणि जुनी दारं? आमच्या वाडीतल्या एका घराचा कोरीव दरवाजा, पाडापाडीत, भंगारवाल्याने चार हजाराला उचलला. पुढे असा माल जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जातो, चोरबाजारात जातो. दोन वर्षांनी मुलीच्या हट्टापायी मुंबईतल्या एका कॅफेत गेले, तिथे तसाच दरवाजा आडवा टाकून टेबल केलं होतं. तोच होता असा माझा दावा नाही. पण कडीच्या जागची भोकं बघत मी चारशे रुपयांची कॉफी प्यायले, आणि शेजारचा मुलगा त्या टेबलाचे फोटो काढत होता. आम्ही लाज वाटून फेकतो ते हे लोक हौस म्हणून विकत घेतात. दोघांनाही घर नको आहे. आम्हाला घराचा रुबाब हवा आहे, त्यांना घराचा फोटो.

कौलं म्हणजे आपली हजारो वर्षांची संस्कृती असंही कुणी सांगू नये. मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशनच्या पाद्र्यांनी मंगळूरला काढला. परक्यांची वस्तू होती. ती आपल्या पावसाला चालली, म्हणून आपली झाली. सिमेंटशीही माझं वैर नाही. संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, घराभोवतीचं गटार सिमेंटचं करा, खुशाल करा. लहानपणी रात्री कंदील घेऊन परसात जाणाऱ्या कोणत्याही बाईला हे पटवून द्यावं लागणार नाही.

आणि बाईचा विषय निघालाच आहे तर सांगते. जुन्या घराच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, कारण चुना त्यांनी लावलेला नसतो. आमच्याकडे लहानपणी रमजान उन्हाळ्यात यायचा, त्याआधी घराला चुना लागायचा. काथ्याचा कुंचा घेऊन दादी आणि अम्मी लावायच्या. चुना हात खातो. दादीची बोटं पेरापेरांवर फाटलेली असायची, आणि त्याच बोटांनी ती तांदळाच्या भाकरी थापायची. मिठाचा हात लागला की तोंडातून आवाज न काढता डोळे मिटायची. तो निळसर पांढरा रंग माझ्या आठवणीत आहे, पण त्याच्यासोबत ही बोटंही आहेत. ज्याला फक्त रंग आठवतो त्याची आठवण अर्धी आहे, आणि अशा अर्ध्या आठवणीवर मी घर राखायला निघालेली नाही.

हिरव्या चित्राबद्दल भाईला मी एवढंच विचारलं की आपलं घर हिरवं कधी होतं? दादीच्या भिंती निळसर, पट्टा तांबडा, दारं तेलाने काळपट. शेजारच्या कुळवाड्याचं घर अगदी त्याच रंगांचं होतं, कारण चुना एका भट्टीतला आणि काव एका दुकानातली. मुसलमानाचं घर म्हणजे हिरवं, हे कुणीतरी लांबून ठरवलं आणि आपणच हौसेने डबे आणले. आपल्याला ओळखायचंच असेल तर खाडीवरून ओळखावं की.

भाईची बाजू मला कळत नाही असं नाही. बावीसाव्या वर्षी तो गेला. एका खोलीत आठ जण, पाळीपाळीने झोपायचे. मुंबईत भाड्याचं घर बघायला गेलं की आधी नाव विचारतात आणि मग घर 'कालच गेलं' म्हणतात. हे त्याने भोगलंय, मीही भोगलंय. अशा माणसाला गावात, आपल्या जमिनीवर, लांबून दिसेल असं काहीतरी उभं करायचं असतं. त्याचा अठ्ठेचाळीस लाखांचा बंगला हे त्या सगळ्यांना दिलेलं उत्तर आहे. पण ज्यांना उत्तर द्यायचं ते आमच्या गावात कधी येणार आहेत? गावातले असे किती बंगले अकरा महिने कुलूपबंद आहेत ते त्यालाही माहीत आहे. संगमरवरी फरशीवर वाळवीची माती, आणि राखणदार मागच्या शेडमध्ये राहतो, कारण आत उकडतं.

मुंब्र्यात राहणाऱ्यांना तर सिमेंटचं कौतुक सांगूच नये. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळची ती बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. घाईत, चोरून, कमी मालात बांधलेली. तिच्याही भिंतींना लांबून बघितलं तर सगळं पक्कंच दिसत असणार. सिमेंट वाईट नव्हतं, नियत वाईट होती. पण 'पक्कं' या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याचं माझं वय त्या दिवशी संपलं.

भाईने शेवटी दीनचा मुद्दा काढला. म्हणाला, घराचा एवढा मोह बरा नाही, हुजूरांचं घर मातीचं होतं. बरोबर आहे. मदिनेतल्या त्या हुजऱ्यांच्या भिंती कच्च्या विटांच्या, छप्पर खजुरीच्या फांद्यांचं. हसन बसरींची रिवायत आहे की लहानपणी ते आत जायचे तेव्हा हात वर केला की छताला लागायचा. पुढे खलीफा वलीदच्या काळात मशीद वाढवण्यासाठी ते हुजरे पाडले गेले, तेव्हा मदिनेतले लोक रडले. सईद इब्न मुसय्यब यांना वाटलं की ते तसेच राहू द्यायला हवे होते, म्हणजे नंतर येणाऱ्यांनी बघितलं असतं की रसूलल्लाह केवढ्यात राहिले. मी भाईला म्हटलं, ही गोष्ट तू माझ्या बाजूने सांगतोयस की तुझ्या? मातीच्या घराचा दाखला देऊन काचेचा बंगला बांधता येत नाही. इसराफ म्हणजे फक्त वलीम्यात उरलेली बिर्याणी नव्हे. नव्वद वर्षं उभी असलेली धड भिंत पाडणं हाही इसराफ आहे, आणि याच्यावर जुम्याच्या बयानात मी कधी काही ऐकलेलं नाही. बायकांच्या भागापर्यंत आवाज नीट येत नाही, म्हणून असेल कदाचित.

आता माझं म्हणणं, जे ग्रुपवर लिहिलं तेच इथे लिहिते. हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. माझा पाचवा हिस्सा मला विकायचाही नाही. दुरुस्तीचा अंदाज मी गावातल्या सुताराकडून आणि गवंड्याकडून घेतला आहे: अकरा लाख. त्यात तीन तुळया बदलणं, सगळी कौलं उतरवून वाशांना तेल, कडेची कौलं तारेने बांधणं, ओटीचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा, आणि मागच्या बाजूला दोन संडास-बाथरूम, सिमेंटचे, टाइल्स लावलेले. दोन लाख वीस हजार माझे, पगारातून हप्त्याने. भाईचे उरलेले पैसे त्याच्या मुलींच्या शिक्षणाला राहतील. दर वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत सगळ्यांनी आठ दिवस गावी यायचं आणि घराला चुना लावायचा. लावायचा तो भावांनी. बायका भाकरी करणार नाहीत, त्या आठ दिवसांत डबा बाहेरून येईल.

भाईने अजून उत्तर दिलेलं नाही. धाकट्याने रात्री साडेअकराला मला वेगळा मेसेज केला: "आपा, चुन्यासाठी हातमोजे मिळतात का?"

मी लिहिलं, मिळतात. दादीच्या वेळी नव्हते. तुझ्या मापाचे आणून ठेवते.